जॉबरच्या घरचा चीज-कांदा टोस्ट

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि भाईदास जॉबर टोस्टरला तेल घालत होता.

टोस्टर विजेचा नव्हता. अल्युमिनियमच्या दोन चौकोनी ताटल्या, त्यांना हातभर लांबीच्या दोन दांड्या आणि एका कडेला बिजागरी, एवढाच तो ऐवज. ताटल्यांमध्ये पाव ठेवायचा, दांड्या आवळायच्या आणि स्टोव्हवर धरायचं. भाईदासनं तो कानाशी नेऊन तीनदा उघडमीट केला. बिजागरी कुरकुरली. सुरतेच्या यंत्रमागांवर अठरा वर्षं काढून जॉबर, म्हणजे कारागिरांचा मुकादम, झालेल्या माणसाला कोरडा सांधा सहन होत नाही. त्यानं कारखान्यातून घरी आणलेली लांब चोचीची कुपी उचलली आणि बिजागरीत मागाचं तेल सोडलं. चार थेंब पुरले असते. मग नव्या ताटल्यांवरची भुकटी पुसायला त्यानं खिशातला सुताचा बोळा काढला. हा बोळा दिवसभर मागांचे सांधे पुसत असे आणि रात्री भाईदासच्या खिशात मुक्कामाला येत असे.

"तेमा तेल कसाले टाकी राह्यनात?" चुलीपाशी बसलेल्या धुरपदाबाईनं विचारलं. "रांधानं भांडं शे ते."

"मशीन शे. सांधा आला की मशीन."

"सांधा तर मन्हा गुडघामा बी शे. तेमा नही टाकं कधी तेल."

देवाजवळच्या करंड्यातून कुंकू घेऊन भाईदासनं टोस्टरच्या वरच्या ताटलीवर पाच बोटं टेकवली आणि उदबत्ती ओवाळली. नवं यंत्र पूजेशिवाय चालू करायचं नसतं, हा कारखान्याचा नियम होता आणि भाईदासच्या घरात कारखान्याचेच नियम चालत. जेवणाला तो पाळी संपल्यावर बसे, रागावला की बायकोला 'सुट्टी देईन' म्हणे, आणि दिवाळीच्या सुट्टीतही मागच्या खिशात पाना ठेवून झोपे.

हे १९७१ साल. जागा सुरतेजवळच्या उधन्याची, रेल्वेलायनीला पाठ करून उभ्या असलेल्या चाळीतली शेवटून दुसरी खोली. दुसऱ्या दिवशी लाभपाचम, कार्तिक शुद्ध पंचमी, होती. सुरतेतले माग दिवाळीला थांबतात आणि लाभपाचमीला मुहूर्तानं सुरू होतात. त्या सकाळी जो कारागीर ज्या शेडमध्ये उभा राहील, तो पुढचं वर्षभर त्या शेडचा. वर्षाच्या मध्येच शेड बदलणाऱ्याला लोक नावं ठेवतात. लाभपाचमीला बदलणाऱ्याला कुणी विचारत नाही. त्यामुळे जॉबरची किंमत त्या एका सकाळी कळते. त्याच्या मागोमाग किती माणसं आत शिरली, एवढंच शेठ दारात उभा राहून बघतो.

भाईदासच्या मागे आठ माणसं होती. चार दिवसपाळीला, चार रातपाळीला, प्रत्येकाकडे चार माग. सगळे अमळनेर-शिरपूरकडचे. सगळ्यांना त्यानंच आणलं होतं, शिकवलं होतं, आणि ही गोष्ट तो आठवड्यातून एकदा तरी त्यांना सांगत असे. कारागिरीत त्याला खोट काढता येत नव्हती. सोळा माग एकदम खडखडत असताना कोणता थांबला हे तो पाठमोरा उभा राहून सांगे. फक्त माणसांच्या बाबतीत त्याचा कान इतका तयार नव्हता.

त्या आठ जणांनी दिवाळीआधी एक गोष्ट मागितली होती. भाऊबीज गावी करायची आणि निवांत परत यायचं, आठ दिवस. शेडमालक मगनशेठला ते नको होतं. गावी गेलेला माणूस आठ दिवसांचं सांगून पंधरा दिवसांनी येतो, आणि मुहूर्ताला माग बंद दिसले की शेठला वर्षभर झोप लागत नाही. शेठनं भाईदासला बोलावून घेतलं, समोर बसवलं आणि चहा पाजला. बसवलं म्हणजे खरोखरच बसवलं, खुर्चीवर. भाईदास बाहेर आला तो शेठच्या बाजूनं बोलतच.

"थांबी जा रे," त्यानं माणसांना सांगितलं. "माग साफ करू, तेलपाणी करू. शेठ यंदा सगळासले काहीतरी देनार शे. माले सोता बोलना."

शेठ असं बोललाच नव्हता. तो म्हणाला होता, "भाईदास, तू तो घरनो माणस छे." बाकीचं भाईदासनं आपल्या मनानं विणलं होतं.

माणसं थांबली. भाऊबीज झाली. वयानं सगळ्यांत मोठा असलेल्या दगाची विधवा बहीण बेटावदला ताट करून संध्याकाळपर्यंत बसली होती, असं आदल्या दिवशी ताप्ती लायनीच्या गाडीनं आलेल्या एकानं सांगितलं. दगा त्या वेळी शेडमध्ये मागाखाली आडवा होऊन वंगण खरवडत होता.

आणि शेठनं दिलं. आठ जणांना मिठाईचं एकेक पुडकं, ज्याच्या तळाशी मिठाईपेक्षा कागद जास्त होता. जॉबरला रंगीत खोकं. खोक्यावर टोस्टरचं चित्र होतं, आणि शेजारी बशीत उभा कापलेला टोस्ट, त्यातून डोकावणाऱ्या कांद्याच्या चकत्या आणि ओघळलेलं पिवळं चीज. सोबत चीजचा डबाही होता. भाईदास खोकं छातीशी धरून उधन्याच्या रस्त्यानं चालत आला. पिशवी जवळ असून त्यानं ते पिशवीत घातलं नाही. त्या मिरवणुकीची बातमी त्याच्याआधी चाळीत पोचली. सुकलालच्या खोलीत आठही जण जमले होते आणि हसत नव्हते, हे धुरपदाबाईनं पाण्याच्या रांगेत ऐकलं. सुकलाल हा आठांतला सगळ्यांत तरबेज, सव्वीस वर्षांचा, गुजराती शाळेत चार यत्ता झालेला. लायनीच्या पलीकडे नवं शेड निघालं होतं. तिथं कारागीर हवे होते, हेही पाण्याच्या रांगेत सगळ्यांना ठाऊक होतं.

यावर भाईदासनं काढलेला उपाय असा, की आठही जणांना घरी बोलवायचं आणि शेठच्या टोस्टरवर शेठच्या चीजचे टोस्ट खाऊ घालायचे. मग भेट एकट्याची राहत नाही. सगळ्यांच्या पोटात जाते. उपाय सुचल्यावर तो स्वतःवर इतका खूश झाला की त्यानं धुरपदाबाईला उठवून सांगितला.

"तेसनी भाऊबीज बुडनी," ती म्हणाली, "आनि तुम्ही तेसले पाव देतस."

"पाव नही. टोस्ट."

साडेतीनला त्यानं चीजचा डबा उघडायला घेतला. डबा उघडायची किल्ली असते हे त्याला माहीत नव्हतं; त्यानं छिन्नी आणि पाना वापरला. कडा अशी फाटली की आतल्या चीजला चार ठिकाणी पत्र्याची नक्षी उमटली. धुरपदाबाईनं बोटानं दाबून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाली, "वास दूधना शे, रूप साबनना." भाईदासनं एक तुकडा तोंडात टाकला. त्याला आवडला नाही. "मस्त शे," तो म्हणाला.

कांदा तिनं चिरायला घेतला तेव्हा त्यानं विळी काढून घेतली. साहेबलोकांत टोस्ट पुरुषच करतात, असं त्यानं सांगितलं. साहेबलोक त्यानं सुरत स्टेशनच्या खानपानगृहाच्या जाळीतून पाहिले होते, आणि तिथले टोस्ट नोकर आणून ठेवत होता. पण तो नोकरही पुरुषच होता, तेव्हा बोलण्यात खोटं असं काही नव्हतं. त्यानं कांद्याच्या बोटभर जाड चकत्या केल्या. "पातय चिरा," ती मूठ पिळून दाखवत म्हणाली, "मीठ लावा, पिया. नही ते पानी सुटी." जॉबरला कारखान्यात सूचना करणारं कोणी नसतं. त्यानं चकत्या आणखी जाड केल्या.

साडेचारला माणसं आली. आठही आली, हे पाहून भाईदासला धीर आला. खोलीत पाच मावले, तिघे उंबऱ्यापाशी टेकले. कुणी साल मुबारक म्हटलं, कुणी रामराम केला. सगळ्यांनी धुवट कपडे घातले होते. दगानं टोपी काढून मांडीवर ठेवली, जसा तो लग्नाच्या पंगतीत ठेवत असे.

"या, या. आज शेठनी भेट सगळा मिळून खाऊ," भाईदास स्टोव्हला पंप मारत म्हणाला. "मी शेठले सांगं, मी एकटा नही खावाव. मन्हा मानसं पहिले."

"मंग शेठ काय बोलना?" उंबऱ्यावरून पोपट नावाच्या कारागिरानं विचारलं.

"शेठना डोयाले पानी उनं."

"कांदाना वास उना व्हई," पोपट म्हणाला. दोघे-तिघे हसले. भाईदासही हसला, आणि इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

मग सुकलालनं ते खोकं मांडीवर घेतलं. चित्र पाहिलं, झाकण उघडलं, झाकणाच्या आतली बाजू खिडकीच्या उजेडात धरली. आत शाईनं दोन ओळी लिहिलेल्या होत्या. भाईदासला गुजराती आकडे येत, नावं येत, जोडाक्षरं येत नव्हती. त्या ओळी त्याला खोक्यावरच्या छापाचा भाग वाटल्या होत्या. सुकलालनं आधी मनात वाचलं. मग शाळेत धडा वाचतात तसं, सुटं सुटं वाचलं:

"चिरंजीवी रमीलाने शुभ लग्न प्रसंगे सप्रेम भेट. लिखितंग, नवसारीवाळा मामा."

सुकलालनं झाकण मिटलं.

"भाऊ," सुकलाल म्हणाला, "हाऊ नवसारीना मामा आपला कोन लागस?"

रमीला म्हणजे शेठची सून. लग्न चार वर्षांपूर्वीचं. मांडवात पाणी भरायला हेच आठ जण होते. त्या घरात कांदा येत नाही, विकतचा पाव येत नाही. लग्नात आलेली ही वस्तू चार वर्षं माळ्यावर पडून होती, हे आता शाळेत न गेलेल्यालाही वाचता येत होतं.

भाईदासच्या जागी दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. भाईदासनं दांड्या घट्ट धरल्या. "घरनी वस्तू शे म्हनूनच दिनी," तो म्हणाला. "बजारनी वस्तू कोनलेबी देतस. घरनी वस्तू घरना मानूसलेच देतस."

"बराबर," सुकलाल म्हणाला. "आमले बजारनी मिठाई दिनी."

पहिला टोस्ट चार वाजून बेचाळीस मिनिटांनी स्टोव्हवर चढला. आणि तेव्हा कुठे भाईदासच्या ध्यानात आलं की टोस्टर एका वेळी एकच टोस्ट करतो. एकाला चार मिनिटं धरली तरी आठव्या माणसाला अर्धा तास बसून राहायचं. सोळा मागांचं उत्पादन तोंडपाठ असलेल्या माणसानं हा हिशेब आधी केला नव्हता. त्यानं वेळ भरून काढायला ज्योत मोठी केली. बिजागरीतलं तेल पातळ झालं, कडेनं आत झिरपलं आणि ताटलीच्या खोबणीत पसरलं. जाड कांद्याचं पाणी सुटलं ते त्यात मिसळलं. दांड्यांच्या मधून निळसर धूर निघाला. धुरपदाबाई उठली आणि तिनं खिडकीची दुसरी फळी उघडली.

टोस्ट बाहेर आला तो एका बाजूनं काळा, दुसऱ्या बाजूनं ओला आणि कडेनं चकचकीत. भाईदासनं पान्याच्या टोकानं तो सोडवला, बशीत ठेवला आणि मानानं पहिला दगाला दिला.

दगानं दोन्ही हातांनी घेतला. एक घास तोडला. चावला. थांबला. परत चावला. त्याच्या तोंडाकडे सात जण बघत होते. दगा मुळात कमी बोलणारा माणूस. सणाला तर बोलतच नसे. त्यानं घास गिळला आणि बशी खाली ठेवली.

"कसा शे?" भाईदासनं विचारलं.

"हाई चव वळखीनी शे," दगा म्हणाला.

सुकलालनं बशी ओढून वास घेतला. मग पोपटकडे दिली. पोपटनं वास घेतला आणि बशी पुढे सरकवली. बशी खोलीभर फिरली. कुणालाही खाऊन बघायची गरज पडली नाही. तो वास त्यांच्या सदऱ्यांना होता, भाकरीच्या फडक्यांना होता, बारा तासांच्या पाळीनंतर नखांत राहत होता. दोन दिवस आंघोळी करकरून त्यांनी तो नुकता कुठे घालवला होता.

"कामनी पायीवर बी हाईच," दगा म्हणाला, "सुट्टीमा बी हाईच."

कुणी हसलं नाही. हसले असते तर भाईदासनं निभावून नेलं असतं.

"पहिला टोस्ट असाच व्हस," तो घाईनं म्हणाला. "नवं मशीन शे. दोन-तीन निघनात का लायनीवर येस. बठा. बठा रे."

दुसरा त्यानं लावलासुद्धा. पण पोपट उठला होता. त्याच्यामागे दोघे उठले. "बहिनी, येतस," असं फक्त धुरपदाबाईला सांगून एकेक जण बाहेर पडला. सुकलाल सगळ्यांत शेवटी उठला. उठताना त्यानं सदऱ्याची बाही खाली ओढली, तरी मनगटावरचं घड्याळ दिसलंच. नवं होतं, पट्ट्यावरचा कागदही निघाला नव्हता.

"घड्याळ कोठेन उनं?" भाईदासनं विचारलं.

"दिवाळीनी भेट," सुकलाल म्हणाला.

"कोनी?"

"लायनीना पलीकडला शेठनी." मग नजर चुकवून, "उद्या आम्ही तठे उभा राहतस, भाऊ. तुम्ही वाट पाहू नका. तठे माले जॉबर करेल शे."

"तठे भाऊबीजनी सुट्टी देनार शे का?"

"शेठ बोलना, पाहूत," सुकलाल म्हणाला. हे 'पाहूत' भाईदास चांगलं ओळखत होता. जॉबर झाल्यापासून तोही हेच सांगत आला होता. पण 'पाहूत' म्हणजे नाही, हे सांगायला आता फार उशीर झाला होता, आणि सांगितलं असतं तर ऐकणारा बाहेर अंगणात चपला शोधत होता. सहा माणसांना आठवड्याच्या आत दुसरा भाईदास मिळाला होता, फक्त त्याच्याकडे घड्याळ होतं.

स्टोव्हवर दुसरा टोस्ट जळला.

धुरपदाबाईनं त्याच्या हातून टोस्टर घेतला. जळका पाव काढून टाकला, ताटल्या राखेनं घासल्या, सोड्याच्या पाण्यात उकळल्या, परत घासल्या. बिजागरीत चिंधी घालून तेल टिपलं. पाच कुंकवाचे ठिपकेही गेले. मग तिनं कांदा कागदासारखा पातळ चिरला, मीठ लावून मुठीत पिळला, हिरवी मिरची ठेचून त्यात घातली. चीज किसणीवर किसलं. पावाला बाहेरून शेंगदाण्याचं तेल बोटानं पुसलं. ज्योत बारीक केली आणि दांड्या धरून स्वस्थ बसली, दोनदा उलटवलं, एकदाही उघडून पाहिलं नाही.

टोस्ट तांबूस, कुरकुरीत, कडा दाबून बंद झालेला निघाला. तिनं तो सुरीनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापला. खोक्यावरच्या चित्रात होतं तसं पिवळं चीज ओघळलं. अर्धा तिनं स्वतः घेतला, अर्धा नवऱ्यापुढे ठेवला.

भाईदासनं खाल्ला. बराच वेळ खाल्ला.

"चांगला व्हयना," तो म्हणाला.

"सात जन गयात," ती म्हणाली. "आते चांगला व्हईसन काय करस?"

"एवढं माहीत व्हतं ते आधी सांगानं ना."

"सांगं ना. तेल नका टाका सांगं. पातय चिरा सांगं. गावले जाऊ द्या तेसले, हाई बी सांगं." तिनं बोटं मोजली नाहीत, तिला गरज नव्हती. "तुम्ही मशीननं ऐकतस."

दगा अजून उंबऱ्यावर बसून होता. तो गेला नाही हे भाईदासच्या लक्षात आलं नव्हतं. धुरपदाबाईनं पुढचा टोस्ट केला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्यानं टोपी डोक्यावर घातली, टोस्ट खाल्ला, हात धोतराला पुसला.

"हाऊ बरा शे," तो म्हणाला.

"तू बी जाशी ना तठे?" भाईदासनं विचारलं. त्याचा आवाज पहिल्यांदा जॉबरचा नव्हता.

"माले कोन ठेवी तठे?" दगा म्हणाला. "तेसले तरना पोऱ्या पाहिजेत. सुकलाल बोलना, दगाबा, तुम्हले डोयाले दिसत नही." तो उठला. "मी येसू सकायले. पन तुन्हासाठे नही, भाईदास. मन्हा चार माग आपला शेडमा शेत."

तो गेला. भाईदास बराच वेळ सोळातून चार वजा करत बसला. दर वेळी बाराच उरत होते. धुरपदाबाईनं उरलेलं चीज ताटलीखाली झाकलं, स्टोव्ह विझवला आणि त्याचा पाळीचा सदरा खुंटीला अडकवला. कोपरापर्यंत बाह्या असलेला, कारागिराचा. जॉबर झाल्यापासून त्यानं तो घातला नव्हता. त्यानं वर पाहिलं आणि बारातून आणखी चार वजा केले. आठ उरले.

लाभपाचमीला मगनशेठच्या शेडचं दार सकाळी सात वाजता उघडतं. मुहूर्त सात वाजून वीस मिनिटांचा आहे. नारळ फुटला की सोळाही माग एकदम सुरू करायचे असतात, आणि एक माणूस चार माग चालवतो.